५४ लिटरची नवी टाकी: या यादीतले कोणते मासे एकत्र राहतील?

ओली_वाट
नमस्कार मंडळी. घरात ६० × ३० × ३० सेंटिमीटरची काचेची टाकी आली आहे. फिल्टर, हीटर, दिवा, खाली बारीक खडी, सगळं बसवून झालं. पाणी भरल्याला आज चौथा दिवस, पाणी अगदी नितळ दिसतंय. माशांची यादी लेकीने केली आहे (वय ८, त्यामुळे रंग आधी, बाकी सगळं नंतर):

निऑन टेट्रा ६, गप्पी ४, एंजल २, छोटे गोल्डफिश २, फायटर १ आणि काच साफ ठेवायला सकर १.

दुकानात विचारलं तर "सगळे शांत मासे आहेत, चालतील" म्हणाले. तरी घेण्याआधी इथे विचारावं म्हटलं. यातले कोण एकत्र राहतील? आणि ५४ लिटरला १६ मासे जास्त होतात का?

रिकामटेकडा
जास्त नाही होणार. एंजल मोठे झाले की मोजणी आपोआप कमी होईल.

खटपट्या
रिकामटेकडे गंमत करतायत, पण खोटं बोलत नाहीयेत. एंजलच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाणं. दुकानात तो रुपयाएवढा असतो, वर्षभरात अंगाने हाताच्या पंज्याएवढा होतो, वरखालचे पर धरले तर उंची २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. तुमची टाकीच ३० उंच. शिवाय निऑन आणि एंजल दोघे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे निऑन कसा गिळायचा हे एंजलला शिकवावं लागत नाही.

गोल्डफिश तर यादीतून आजच खोडा. तो थंड पाण्याचा मासा, साधारण १८ ते २२ अंशांवर खूश. फायटरला २५-२७ लागतं. एकाच हीटरवर दोघांना कसं सुखी ठेवणार? गोल्डफिशला जठर नसतं, सतत खातो आणि सतत घाण करतो. साधा लांबट जातीचा असेल तर २० सेंटिमीटर सहज ओलांडतो.

आणि तो सकर. "काच साफ ठेवायला" या तीन शब्दांनी जितक्या टाक्या बिघडवल्या तितक्या कुठल्या रोगानेही बिघडवल्या नसतील. दुकानात बोटभर असतो, पुढे फूटभर होतो. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी तुम्ही टाकलेलं खाणं खातो आणि खाल्ल्याच्या प्रमाणात घाण करतो. काच पुसायला स्पंजचा तुकडा पुरतो हो.

ओली_वाट
बाप रे. म्हणजे १६ पैकी ५ गेलेच. उरले निऑन, गप्पी, फायटर. हे तरी जमेल ना?

जुनं_खोड
ताई, जरा थांबा. आपण मागून सुरुवात करतोय. मासे कोण कोणाशी भांडतात हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तुमचं पाणी कसं आहे? आणि किती आहे?

किती आहे ते आधी. ६० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे ५४ लिटर, पण हे कागदावरचं. खाली ५ सेंटिमीटर खडी, वर ३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली तर पाण्याची उंची उरते २२. म्हणजे झाले ३९.६ लिटर. काचेची जाडी, दगड, फिल्टर वजा केलं की आणखी कमी. तुमची टाकी ५४ ची नाही, ४० ची आहे असं धरून चाला. पुढे कधी औषध घालायची वेळ आली तर हा आकडा फार कामाला येतो. ५४ धरून औषध घातलंत तर मात्रा सव्वापटीहून जास्त होईल.

आता कसं आहे. थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्या नकोत. पीएच, जीएच, केएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एवढं मोजा आणि आकडे इथे लिहा. पाणी नळातून काढून रात्रभर उघडं ठेवून मग पीएच मोजा, ताज्या पाण्याचा आकडा फसवतो.

शेवाळी
+१. नवीन माणूस "कोणाशी कोण" विचारतो, पण निम्मे मासे भांडणाने नाही तर चुकीच्या पाण्याने जातात.

ओली_वाट
किट आणलं. पीएच ७.८, जीएच १४, केएच ९. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ५. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, म्हणजे पाणी तयार आहे ना?

जुनं_खोड
शून्य आहे कारण टाकीत अजून घाण करणारं कुणी नाही! रिकाम्या घरात भांडण नाही म्हणून घर गुण्यागोविंदाने नांदतंय असं म्हणणार का? नायट्रेटचे ते ५ नळाच्या पाण्यातूनच आलेले असणार, एकदा नळाचं पाणी वेगळं तपासून बघा.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं कुजलं की आणखी होतो. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू सावकाश वाढतात, नव्या टाकीत चार ते सहा आठवडे धरा. मी याला टाकी मुरणं म्हणतो. पाण्याच्या नितळपणाचा याच्याशी काही संबंध नाही. अमोनिया दिसत नसतो.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट जास्त महत्त्वाची. पीएच ७ असताना अमोनियाचा बहुतेक भाग कमी विषारी रूपात असतो. पीएच ८ ला विषारी भाग जवळजवळ नऊ-दहा पट होतो. तुम्ही ७.८ ला आहात. किटवर तोच आकडा आला तरी तुमच्या माशाला तो जास्त लागेल.

मनमौजी
इतकं काय अवघड करून ठेवलंय राव. आम्ही लहानपणी पाणी दोन दिवस बादलीत ठेवायचो आणि मासे सोडायचो. कसले जिवाणू आणि कसलं किट.

खटपट्या
आणि मासे किती दिवस जगायचे?

मनमौजी
... बरेचसे महिनाभर. मुद्दा लक्षात आला. :)

शेवाळी
बादलीत ठेवायच्या सवयीत तथ्य होतं, क्लोरीन उडून जायचं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते नुसतं ठेवून जात नाही. त्यापेक्षा डिक्लोरिनेटर घाला. क्लोरीन माशाचे कल्ले तर जाळतंच, फिल्टरमधले जिवाणूही मारतं, म्हणजे दुहेरी नुकसान.

टाकी मुरवायला मासा सोडायची गरज नाही. चिमूटभर खाणं रोज टाकून कुजू द्या. साधा अमोनिया मिळाला (वास आणि साबण न घातलेला) तर आणखी बरं, किटवर २ पीपीएम येईल एवढा घाला. एवढा अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य व्हायला लागला की टाकी तयार. ओळखीत कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. दोन-तीन आठवडे वाचतात.

ओली_वाट
लेकीला सहा आठवडे रिकामी टाकी दाखवायची, हे माझ्या परीक्षेचं प्रकरण आहे. पण ठीक. तोवर मासे तरी ठरवू. जीएच १४ म्हणजे काय समजायचं?

जुनं_खोड
शाळेत दुष्फेन पाणी शिकलो ना, ज्यात साबणाला फेस येत नाही? ते. तुमचं पाणी जड आहे. गप्पी, प्लॅटी, मोली अशा पिल्लं घालणाऱ्या माशांना हे पाणी मानवतं. निऑन ज्या ओढ्यांतून येतो तिथलं पाणी चहासारखं तांबूस, मृदू आणि आम्लधर्मी. म्हणजे तुमच्या नळाने अर्धी यादी आधीच ठरवून टाकली आहे.

पाणवठा
इथे मी असहमत. आजकाल दुकानातला निऑन बहुधा शेतीतला असतो, जंगलातला नाही. पिढ्यान्‌पिढ्या हौदात वाढलेला. माझ्याकडे जीएच १२ मध्ये दहा निऑन अडीच वर्षं आहेत. उगाच माणसाला घाबरवू नये.

जुनं_खोड
मान्य. निऑन जड पाण्यात मरतोच असं नाही. पण अडीच वर्षांपूर्वी तुमची टाकी किती जुनी होती?

पाणवठा
वर्षभराची होती.

जुनं_खोड
मग तेच तर. जड पाणी एकटं असतं तर निऑनने काढलं असतं. जड पाणी, नवी टाकी आणि नवशिका हात हे तिन्ही एकदम त्याच्या अंगावर टाकू नका एवढंच माझं म्हणणं. मुरलेल्या टाकीत सहा-आठ महिन्यांनी घ्यायचा असेल तर मी आडवा येणार नाही.

पाणवठा
हे पटलं.

अर्धी_ओंजळ
पीएच कमी करायचं द्रव्य मिळतं ना बाजारात? ते घालून निऑनसारखं पाणी करता येईल.

शेवाळी
नको! केएच ९ आहे. केएच म्हणजे पीएच धरून ठेवणारी ताकद. तुम्ही आम्ल घालाल, पीएच उतरेल, दुसऱ्या दिवशी परत वर. माशाला ७.८ चालतं, रोजचा झोका चालत नाही.

खटपट्या
फायटरबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत: गप्पी आणि फायटर एकत्र नको. नर गप्पीची रंगीत, लांब शेपटी बघून फायटरला तो दुसरा फायटर वाटतो. वाटलं नाही तर उलटं होतं, गप्पी फायटरच्या झालरी कुरतडतात. लांब पर असलेला संथ मासा आणि चपळ, चौकस मासा ही जोडीच वाईट.

मनमौजी
माझ्याकडे फायटर आणि गप्पी वर्षभर सुखात होते हो.

खटपट्या
असतील. फायटरचा स्वभाव एकेकाचा वेगळा असतो, एखादा गोगलगायीवरही धावून जातो, एखादा साधू. पण विकत घेताना साधू कोणता ते कळत नाही. शिवाय ज्याच्याकडे चार मेले तो धाग्यावर सांगायला येत नाही.

फायटर हवा असेल तर ही अख्खी टाकी त्या एकट्यालाच द्या. कवायत करतो, बुडबुड्यांचं घरटं बांधतो, बोटामागे काचेवर फिरतो. "एकटा कंटाळेल" ही माणसाची कल्पना.

ओली_वाट
लेकीला विचारलं, एक फायटर की पुष्कळ गप्पी? उत्तर आलं, "पुष्कळ". मग गप्पी. किती नर, किती माद्या?

शेवाळी
इथे दोन घराणी आहेत. एक म्हणतं एका नरामागे दोन-तीन माद्या, म्हणजे नराचा पाठलाग वाटला जातो. बरोबर आहे, पण मादी साधारण दर चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्लं घालते. ४० लिटरमध्ये तीन महिन्यांनी काय होईल ते मोजून बघा. नर नसला तरी सुटका नाही, मादी एका मीलनानंतर पुढची कित्येक बाळंतपणं साठवून ठेवते. दुकानातली जवळपास प्रत्येक मादी आधीच गाभण असते.

म्हणून माझा सल्ला, फक्त नर. रंगही त्यांनाच. ओळखायची खूण शेपटी नाही, पोटाखालचा पर बघा. मादीचा त्रिकोणी, पंख्यासारखा. नराचा बारीक, काडीसारखा मागे वळलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत उजेडासमोर धरलं की दिसतं. दुकानदार घाईत असेल तरी तुम्ही घाई करू नका.

पाणवठा
नुसते नर ठेवले तर तीन नकोत. तिघांत एकाला बाकीचे दोघे छळतात. सहा-सात असले की राग वाटला जातो. आणि झाडं हवीत, पाण्यावर तरंगणारी किंवा उंच वाढणारी, म्हणजे पळणाऱ्याला नजरेआड होता येतं. हॉर्नवर्ट टाका, लावावंही लागत नाही, नायट्रेटही ओढून घेतं.

अर्धी_ओंजळ
एका गॅलनला एक इंच मासा असा नियम ऐकला होता. त्याने किती बसतात?

जुनं_खोड
४० लिटर म्हणजे साडेदहा गॅलन, म्हणजे साडेदहा इंच मासा. एक इंची दहा गप्पी, किंवा दहा इंची एक सकर. दोन्हीला टाकीत सारखंच बरं वाटेल का, सांगा. मासा लांबीने वाढतो तसा जाडीनेही वाढतो, त्यामुळे दुप्पट लांब मासा जवळजवळ आठपट जड असतो. हा नियम छोट्या माशांपुरता, तोही अंदाजाला. मी त्याऐवजी नायट्रेटला विचारतो. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलूनही नायट्रेट ४० च्या वर राहत असेल तर मासे जास्त झाले.

ओली_वाट
पाच आठवडे झाले, म्हणून हिशेब देते. अमोनिया घालून बघत होते. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट एकदम चढलं, किटचा रंग गडद जांभळा. तीन आठवडे तसंच. मग परवा अचानक शून्य. काल २ पीपीएम घातला, आज दोन्ही शून्य, नायट्रेट ८० च्या वर.

लेकीने आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावलाय. आता मासे आणू?

शेवाळी
अभिनंदन! आधी ७०-८० टक्के पाणी बदला, नायट्रेट उतरू द्या. नव्या पाण्याचं तापमान जुन्याएवढंच ठेवा. मग चार नर आणा, सगळे सात एकदम नको. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा जाळीने उचला. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं नाही.

खटपट्या
दुकानात मासे निवडताना ज्या टाकीतून घेताय ती पूर्ण बघा. एकही मेलेला, पर मिटून बसलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असलेला मासा दिसला तर त्या टाकीतला निरोगी मासाही नको.

ओली_वाट
चार आणले. दहा दिवसांनी आणखी तीन. सातही जगले. निळा एक आहे तो सगळ्यांच्या मागे लागतो, पण हॉर्नवर्टमुळे कोणी सापडत नाही.

मग एक गाढवपणा केला. फिल्टरमधून पाणी कमी यायला लागलं म्हणून स्पंज काढून नळाखाली खळखळून धुतला. स्वच्छ, पांढराशुभ्र. दोन दिवसांनी सातही जण वर तोंड काढून. अमोनिया ०.५.

जुनं_खोड
अरेरे. पाच आठवड्यांची कमाई नळाला गेली. घाबरू नका, खडीवर आणि काचेवर थोडे जिवाणू उरलेले असतात. आज निम्मं पाणी बदला, रोज मोजा, ०.२५ च्या वर गेलं की परत बदला. खाणं दोन दिवस बंद, मग एकदाच, चिमटीभर. हवेचा पंप असेल तर लावा, वर तोंड काढणं म्हणजे प्राणवायू पुरत नाही. पुढच्या वेळी स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा दाबायचा. पांढरा करायचा नाही. तो तपकिरीच बरा.

ओली_वाट
नऊ दिवस गेले, सगळं शून्यावर. एकही मासा गेला नाही. आता तळ रिकामा वाटतो. कोरी म्हणतात ते मासे चालतील?

पाणवठा
कोरी सहांच्या खाली ठेवू नये, आणि खडी त्याच्या मिशांना टोचते, त्याला वाळू हवी. सात गप्पी आणि सहा कोरी ४० लिटरमध्ये गर्दी होईल. माझं मत, नको.

शेवाळी
चेरी झिंगे बघा. जड पाणी त्यांना मानवतं, कवच बांधायला कॅल्शियम लागतं. घाण नगण्य. आणि लेकीची लाल रंगाची हौस फिटेल. फक्त तांबं असलेलं कुठलंही औषध त्या टाकीत परत कधी घालायचं नाही, झिंगे त्याने मरतात.

ओली_वाट
गप्पी त्यांना खाणार नाहीत?

शेवाळी
मोठ्यांना नाही. पिल्लं तोंडात मावतील तेवढी खातील. जावा मॉसचा गोळा कोपऱ्यात ठेवा, काही लपून वाचतात. सगळी वाचली तर तुम्हालाच नको होतील.

रिकामटेकडा
आणि सकर?

ओली_वाट
स्पंजचा तुकडा आणलाय. दर रविवारी लेक काच पुसते, त्याचं नाव तिने सकर ठेवलंय. मॉस उद्या आणते, झिंगे दोन आठवड्यांनी.